कंट्रोल दाखव

परवा रात्री साडेदहाला एका विद्यार्थिनीने फोनवर एक फोटो पाठवला. मायक्रोस्कोपच्या आयपीसला मोबाइल टेकवून काढलेला, त्यामुळे कडेला काळं वर्तुळ आणि मधे गुलाबी-जांभळी चकती. खाली मजकूर: ‘मॅडम, हे व्हॅक्युओलेशनच ना? एक्स्पोज्ड फिश आहे. खूप डॅमेज दिसतंय!’

त्या उद्गारचिन्हातला आनंद मला चांगलाच ओळखीचा आहे. कीटकनाशक मिसळलेल्या पाण्यात मासे ठेवायचे, तीन आठवडे त्यांचं सगळं करायचं, मग पोट उघडून अंडाशय काढायचं, आणि एवढ्या खटाटोपानंतर स्लाइडवर सगळं जागच्या जागी दिसलं तर माणूस खचतो. माशाचं वाईट व्हावं असं कुणाच्या मनात नसतं, प्रबंधाचं भलं व्हावं एवढंच असतं. पण भिंगाला डोळा लावला की या दोन्ही गोष्टी एकच होऊन बसतात.

फोटोत अंडपेशी होत्या आणि त्यांच्या परिघाला लागून पांढरे, गोल, रिकामे दिसणारे फुगे होते. ओळीने, कडेकडेने, बऱ्यापैकी सारख्या आकाराचे. तिने त्यांना पोकळ्या म्हटलं होतं. ते होते कॉर्टिकल अल्व्हिओलाय. अंडपेशी वाढीला लागली की ती स्वतःच हे फुगे तयार करते. त्यात शर्करायुक्त प्रथिनं भरलेली असतात, पण हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या नेहमीच्या रंगकामात ती रंग धरत नाहीत म्हणून फुगा रिकामा वाटतो. पीएएस या रंगाने तीच स्लाइड रंगवा, तेच फुगे किरमिजी होऊन उठतात. पुढे शुक्राणू आत शिरला की हे फुगे फुटतात, त्यातला माल कवचाखाली सांडतो, पाणी आत ओढलं जातं आणि कवच अंड्यापासून सुटून वर उचललं जातं. पोरगी ज्याला जखम म्हणत होती ते अंड्याने पुढच्या कामासाठी भरून ठेवलेलं सामान होतं.

मला हसू आलं नाही. मी याहून मोठी माती खाल्लेली आहे.

वीस-बावीस वर्षं झाली असतील. मी तेव्हा सायप्रिनसवर काम करत होते. सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प, अतिशय सोशिक जीव. टाकीत राहतो, टाकाल ते खातो, आणि किलोभर वजनाची मादी असेल तर तिच्यात लाख-दोन लाख अंडी सहज भरतात. माझ्या सहा टाक्या होत्या. दोन कंट्रोलच्या, म्हणजे विष न घातलेल्या, बाकी चार मॅलाथिऑन या कीटकनाशकाच्या, दोन वेगवेगळ्या मात्रांच्या. मॅलाथिऑन पाण्यात फार टिकत नाही, आणि पाणी जितकं अल्कधर्मी तितकं ते लवकर फुटतं, म्हणून दर चोवीस तासांनी पाणी बदलून मात्रा पुन्हा घालायची. रविवार-बिविवार काही नाही. त्याचा तो लसणासारखा कुबट वास केसांत बसायचा, आणि बसमध्ये शेजारची बाई हळूच सरकून बसली की मी समजून जायचे.

एकविसाव्या दिवशी कापाकापी. मी एक्स्पोज्ड मासे आधी घेतले, कारण उत्सुकता त्यांचीच होती. कंट्रोल शेवटी. प्रत्येक माशाचं वजन, मग अंडाशयाचं वजन, मग भागाकार गुणिले शंभर. याला जीएसआय म्हणतात, म्हणजे शरीराच्या शंभर भागांत जननग्रंथी किती. अंड्यांनी भरलेल्या सायप्रिनस मादीत हा आकडा पंधरा-वीसपर्यंत जातो, म्हणजे माशाच्या वजनाचा पाचवा-सहावा हिस्सा नुसतं अंडाशय. शेवटच्या दोन माद्या उघडल्या आणि नेमका तेव्हाच वजनकाटा रुसला. शून्यावर ठरेना. पंखा बंद केला, काट्याची दारं लावली, बुडबुडा मधे आणला, तरी आकडा हलतच होता. तेवढा वेळ ती दोन अंडाशयं ट्रेमध्ये, दिव्याखाली, उघडी.

त्यावर कडी म्हणजे, सगळी अंडाशयं मी अख्खीच्या अख्खी बोइनच्या द्रावणात सोडली. बोइन म्हणजे पिक्रिक आम्ल, फॉर्मॅलिन आणि ॲसेटिक आम्ल. पिवळंजर्द असतं, बोटं आठवडाभर पिवळी राहतात. पण ते बाहेरून आत हळूहळू झिरपतं. भरलेलं अंडाशय म्हणजे मण्यांची घट्ट बांधलेली पोटली. वरचे चार-पाच मिलिमीटर पक्के होतात आणि गाभ्यातल्या पेशी तोवर स्वतःच्याच पाचकरसांनी विरघळायला लागतात. तुकडे करून टाकायला हवे होते. पुस्तकात लिहिलंही होतं.

स्लाइड तयार झाल्या, आणि काय सांगू, जिकडे बघावं तिकडे नासधूस. कवचं सुटलेली, पेशीद्रव आकसलेला, केंद्रकं विरलेली, मधे मोकळ्या जागा. मी धावत सरांकडे गेले. सर पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘छान. आता कंट्रोल दाखव.’’

कंट्रोल मी स्वतः अजून नीट पाहिलंच नव्हतं. ते नॉर्मल असतं म्हणून तर कंट्रोल, असा माझा भाबडा समज. सरांनी स्लाइड सरकवली, बारीक स्क्रू फिरवला, आणि आयपीसवरून डोळा न काढता विचारलं, ‘‘याला कुठलं विष दिलं होतंस?’’

ती अख्खी बॅच गेली. तीन महिने गेले म्हणायचे, कारण पुढचे मासे त्या वाढीचे होईपर्यंत थांबावं लागलं. सर रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

दुसऱ्या खेपेला मी एक कंट्रोल, एक एक्स्पोज्ड, असे आलटून पालटून मासे घेतले. हातात घड्याळ. पोट उघडल्यापासून तुकडा द्रावणात पडेपर्यंत दोन मिनिटांच्या वर नाही, आणि तुकडा पाच मिलिमीटरहून जाड नाही. वजन करायचं ते उरलेल्याचं आणि तुकड्याचं मिळून, पण तुकड्याचं पटकन. आणि तुकडे मेणात बसवून त्यांचे ब्लॉक झाल्यावर सरांनी एका ज्युनियर मुलाला बोलावून सगळ्या लेबलांवर कागद चिकटवले. वर नुसते नंबर. कुठला नंबर कुठल्या टाकीचा, ती यादी त्या मुलाच्या कपाटात. मला स्लाइड मोजायच्या होत्या, पण काय मोजतेय ते कळणार नव्हतं.

इथे अंडाशय कसं वाचायचं ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सायप्रिनसच्या अंडाशयात सगळ्या वयाच्या अंडपेशी एकाच वेळी नांदतात. सगळ्यात लहान त्या गडद जांभळ्या, कारण त्यांच्या पेशीद्रवात आरएनए ठासून भरलेलं असतं आणि हिमॅटॉक्सिलिन तिथे चिकटतं. त्यांचं केंद्रक मोठं, आणि त्याच्या कडेला आतून मणी ओवल्यासारख्या केंद्रिका. त्यांच्याहून मोठ्या पेशींत ते पांढरे फुगे येतात. मग पीतक, म्हणजे अंड्यातला बलक, भरायला लागतं, लालसर गुलाबी दाण्यांनी पेशी फुगत जाते, फुगे कडेला ढकलले जातात, आणि भोवती झोना रेडिएटा नावाचं गुलाबी कवच जाड होतं. भिंग वाढवलं तर त्यात आडवे बारीक रेघोटे दिसतात. शेवटी केंद्रक मधली जागा सोडून एका बाजूला निघतं. मग ते अंडं सुटायला तयार.

आणि या सगळ्यात काही अंडपेशी मरतात. चांगल्या, स्वच्छ पाण्यातल्या, पोटभर खाल्लेल्या मादीतही मरतात. याला अट्रेसिया म्हणतात. मी हे तासन् तास पाहिलेलं आहे. आधी गुलाबी कवचाला एक सुरकुती पडते. एवढीच, जसा ताणून बसवलेला कपडा एका जागी सैल व्हावा. मग कवच दोन-तीन ठिकाणी तुटतं, तुकडे आत मुडपतात. भोवतीच्या चपट्या फॉलिकल पेशी फुगून उंच होतात, तुटलेल्या जागेतून आत शिरतात आणि पीतक खायला लागतात. दाणे एकमेकांत मिसळून त्यांचा लगदा होतो. शेवटी मूळ पेशीच्या मानाने अगदी लहानसा एक गोळा उरतो, त्यात पिवळट-तपकिरी रंगद्रव्य. मादी आपला माल वाया जाऊ देत नाही, परत घेते. उपासमार झाली, टाकीत गर्दी झाली, पाणी तापलं, किंवा अंडी टाकायचा काळ उलटून गेला, तरी अट्रेसिया वाढतो. त्यामुळे ‘कीटकनाशकामुळे अट्रेसिया दिसला’ हे वाक्य वाचलं की मी पुढचं वाचायच्या आधी कंट्रोलचा आकडा शोधते. आणि तो बऱ्याचदा सापडत नाही. दोन फोटो असतात, एक सुंदर, एक भयानक, आणि दोहोंवर बाण.

मोजण्यातही गंमत आहे. सेक्शन, म्हणजे स्लाइडवर घेतलेला पातळ काप, पाच मायक्रॉनचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. सायप्रिनसचं पिकलेलं अंडं मिलिमीटरभराचं. म्हणजे एकच अंडं लागोपाठ दोनशे सेक्शनमध्ये हजेरी लावणार. शेजारशेजारचे वीस सेक्शन मोजले तर वीस वेळा तीच बाई मोजली. शिवाय मोठी पेशी पात्याखाली सापडण्याची शक्यता लहानीपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे नुसतं दिसेल ते मोजलं तर मोठ्यांची संख्या फुगते. म्हणून ज्या पेशीचं केंद्रक त्या सेक्शनमध्ये कापलं गेलंय तीच धरायची, असा एक नियम वापरतात. पण अट्रेटिक पेशीत केंद्रक उरतच नाही, म्हणजे तिच्यासाठी हा नियम बाद, तिचा हिशेब वेगळा ठेवायचा. मी अंडाशयाच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या भागातून तुकडे घेतले होते आणि दोन मोजलेल्या सेक्शनमध्ये दोनशेहून जास्त सोडून दिले होते. सोडून दिले म्हणजे कापले आणि फेकले.

कापणंही सुखाचं नव्हतं. पीतकाने भरलेलं अंडाशय पॅराफिनमध्ये ठिसूळ होतं. मायक्रोटोमचं, म्हणजे काप काढायच्या यंत्राचं, चाक फिरवलं की रिबनऐवजी भुसा पडतो. ब्लॉकच्या तोंडावर बर्फाच्या पाण्यात बुडवलेला कापूस मिनिटभर धरायचा, मग दोन-तीन सेक्शन नीट येतात, की पुन्हा कापूस. आणि जिथे पीतक भुसा होऊन गळून पडलं तिथे स्लाइडवर भोक. तेही छापून आलेलं पाहिलंय मी, ‘नेक्रोसिस’, म्हणजे पेशींचा मृत्यू, म्हणून.

तर, सगळं मोजून झाल्यावर त्या मुलाने कपाटातून यादी काढली.

फरक होता. पहिल्या खेपेला जो हाहाकार दिसला होता त्याच्यापुढे अगदीच मामुली, पण होता, आणि तो मोजलेला होता. जांभळ्या लहान पेशी सगळीकडे जवळपास सारख्याच. मोठ्या मात्रेच्या टाक्यांत पीतक भरलेल्या पेशी कमी आणि सुरकुतलेल्या जास्त. म्हणजे सुरुवात सगळ्यांची नीट झाली होती, भरताना अडलं होतं.

पण पीतक अंडाशयात तयार होतच नाही. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, पिट्युटरी अंडाशयाला सांगते, अंडाशय इस्ट्रॅडिऑल हे संप्रेरक रक्तात सोडतं, ते यकृताला पोचतं, आणि यकृत व्हायटेलोजेनिन नावाचं प्रथिन बनवून पुन्हा रक्तातून अंडाशयाकडे धाडतं. तिथे अंडपेशी ते आत ओढून घेते आणि त्याचं पीतक करते. एवढा मोठा वळसा. यात कुठेही अडथळा आला तरी तो दिसणार शेवटी अंडाशयात, न भरलेल्या अंड्यांच्या रूपात. वेगवेगळी कीटकनाशकं या वळशात वेगवेगळ्या ठिकाणी हात घालतात. प्रोक्लोराझसारखी बुरशीनाशकं अरोमाटेज हे विकर अडवतात. टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रॅडिऑल करणारं विकर तेच, मग यकृताला निरोपच जात नाही. विन्क्लोझोलिन नराच्या संप्रेरकाची ग्राही अडवून बसतं. मेथॉक्सिक्लोर आणि डीडीटीचं एक रूप इस्ट्रॅडिऑलची नक्कल करतात. नराच्या यकृतातही व्हायटेलोजेनिनचं जनुक असतंच, फक्त ते कधी जागं होत नाही. खोटा निरोप मिळाला की जागं होतं, आणि ज्याला आयुष्यात अंडं घालायचं नाही अशा नराच्या रक्तात पीतकाचा कच्चा माल फिरायला लागतो. त्यामुळे नराच्या रक्तातलं व्हायटेलोजेनिन मोजणं ही आता रूढ चाचणी झाली आहे.

आणि मॅलाथिऑन? ते मुळात ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर अडवणारं चेतातंतूंचं विष. माझ्या एक्स्पोज्ड टाक्यांतले मासे मंद झाले होते, खाणं कमी झालं होतं. सकाळी तळाशी दाणे तसेच पडलेले असायचे. म्हणजे अंडी भरली नाहीत ती मॅलाथिऑनने संप्रेरकांच्या वळशात ढवळाढवळ केली म्हणून, की मासा नीट जेवलाच नाही म्हणून? हे वेगळं काढायचं तर आणखी एक टाकी हवी होती: विष नाही, पण एक्स्पोज्ड मासे जेवढं खातात तेवढंच मोजून खायला दिलेलं. ती टाकी मी ठेवली नव्हती. प्रबंधात हे लिहिलंही नाही. तेव्हा वाटलं, जागा नाही. जागा होती.

वृषणाबद्दल थोडक्यात. नर माशांचं काम मला कधी तितकंसं आवडलं नाही, सगळं फार बारीक. माशाच्या वृषणात शुक्राणू गटागटाने पिकतात. एका गटाभोवती सर्टोली पेशींचं आवरण, त्याला सिस्ट म्हणतात, आणि एका सिस्टमधल्या सगळ्या पेशी एकाच इयत्तेत. सिस्ट फुटली की शुक्राणू नळीच्या मधल्या पोकळीत सांडतात, स्लाइडवर गडद निळ्या धुळीसारखे. कीटकनाशकांच्या अभ्यासांत बहुधा हे दिसतं की ती धूळ विरळ होते, सिस्टच्या भिंती सुटतात, मधल्या जागा रुंदावतात. एक गोष्ट मात्र कुणालाही दाखवली तरी कळते. त्या निळ्या धुळीत मधेच एक मोठी, गोल, जांभळी पेशी, कडेला मणी ओवलेल्या केंद्रकाची. वृषणात अंडपेशी. मी ती स्वतः एकदाच पाहिली आहे, दुसऱ्याच्या स्लाइडवर, आणि खुर्ची मागे सरकवून उठले होते. अर्थात काही जातींच्या माशांत निव्वळ कंट्रोलमध्येही ती क्वचित सापडते. पुन्हा तेच, मोजा.

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण मेडाका या छोट्या जपानी माशाचं. त्याचा एक वाण असा आहे की नर नारिंगी आणि मादी पांढरी, म्हणजे जन्माने कोण काय हे रंगावरून कळतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ऑर्थो-पॅरा डीडीटी, वर म्हटलेलं तेच रूप, अंड्यातच सुईने सोडलं. त्यातून वाढलेले काही नारिंगी मासे माद्या निघाले. नुसत्या दिसायला नाही, त्यांनी अंडी घातली आणि ती फळली. या माशांचं अंडाशय कापलं तर स्लाइडवर काय दिसणार? निरोगी अंडाशय.

मला हल्ली याचाच जास्त विचार येतो, की स्लाइडवर काहीच दिसत नाही अशी नासधूस किती असेल. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यात लेक जॉर्ज नावाचं सरोवर आहे. तिथल्या लेक ट्राउट माशांवरचं १९६४ सालचं काम माझ्या पिढीला शिकवलं गेलं होतं. परिसरात डीडीटी फवारलेलं. माद्या धडधाकट, अंडी भरपूर, अंडी फळली, पिलंही बाहेर आली. पिलू बाहेर आल्यावर काही दिवस पोटाच्या पिशवीतल्या पीतकावर जगतं. ते पीतक संपत येईपर्यंत सगळं ठीक, आणि ऐन संपता संपता पिलं मरायला लागली. डीडीटी चरबीत साठतं. आईने अंड्यात चरबी भरली, चरबीबरोबर डीडीटीही भरलं, आणि पिलाने शिदोरी शेवटपर्यंत खाल्ली तेव्हा ते अंगी लागलं. त्या मादीच्या अंडाशयाचा सेक्शन मी मोजला असता तर ‘नॉर्मल’ असं लिहून सही केली असती.

किंवा अटलांटिक सॅमन. मादी अंडी टाकायला आली की तिच्याकडून प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन पाण्यात पसरतं, नर ते नाकाने हुंगतो आणि त्याच्या अंगात संप्रेरकांची आणि शुक्ररसाची भर पडते. २००१ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक पाण्यात लिटरला एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कितीतरी कमी असलं तरी नराच्या नाकाला तो वास कळेनासा होतो, आणि मग ती भर पडतच नाही. वृषण जागेवर, नाक गेलेलं. काटेरी स्टिकलबॅकचा नर तर स्वतःच्या मूत्रपिंडात एक चिकट प्रथिन बनवतो आणि त्याने पाणवनस्पतींचे तुकडे चिकटवून घरटं बांधतो. फेनिट्रोथिऑन या कीटकनाशकामुळे ते प्रथिन कमी होतं आणि प्रणयाचं वागणंही बिघडतं. घरटंच नाही तर मादी यायची कुठे?

मात्रेबद्दल माझी एक जुनी कुरकुर आहे, ती इथे करतेच. विद्यार्थी आधी एलसी-५० काढतात, म्हणजे शहाण्णव तासांत निम्मे मासे मरतील एवढी मात्रा, आणि मग तिचा दहावा किंवा विसावा हिस्सा घेऊन त्याला ‘सबलीथल’ म्हणतात. मीही तेच केलं होतं. हिशेबाला सोपं पडतं. पण पाण्यात खरोखर किती असतं याच्याशी त्याचा काही संबंध असेलच असं नाही. लिटरला एक मायक्रोग्रॅम म्हणजे किती, तर ऑलिंपिकच्या पोहण्याच्या तलावात अडीच ग्रॅम. प्रत्यक्षात बोलायचं असतं ते अशा मात्रांबद्दल. २०१० साली ॲट्राझिन या तणनाशकावर फॅटहेड मिनो माशांचा एक प्रयोग आला. लिटरला ०.५, ५ आणि ५० मायक्रोग्रॅम, तीस दिवस. तिन्ही मात्रांना एकूण अंडी घटली, १९ ते ३९ टक्क्यांनी. मेलेले मासे मोजत बसणाऱ्याला यातलं काहीही दिसलं नसतं.

आणि अंडी घटली म्हणून मासे घटतात का? हा प्रश्न मला तोंडी परीक्षेत विचारला होता, मी काहीतरी गुळमुळीत बोलले होते. आज मी कॅनडातल्या ‘लेक २६०’चं नाव घेतलं असतं. ते कीटकनाशक नव्हतं, गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन होतं, पण खोटा निरोप तोच. २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे अख्ख्या सरोवरात लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम एवढंच. नरांत व्हायटेलोजेनिन प्रचंड चढलं, वृषणात अंडपेशी दिसल्या, आणि फॅटहेड मिनो त्या सरोवरातून जवळजवळ नाहीसे झाले. प्रयोग थांबवल्यावर काही वर्षांनी ते परत वाढले. या मिनोचं आयुष्यच दोन-चार वर्षांचं, दोन हंगाम हुकले की वंश संपायला येतो. दीर्घायुषी मासे तेवढ्या काळात असे नाहीसे झाले नाहीत.

असो. फोटोकडे परत.

तिला मी लिहिलं, ‘ते कॉर्टिकल अल्व्हिओलाय आहेत, डॅमेज नाही. कंट्रोल दाखव.’

बराच वेळ काही नाही. मग कंट्रोलचा फोटो आला. तेच पांढरे फुगे, तशाच ओळीत. खाली, ‘सॉरी मॅडम.’ आणि मिनिटभराने, ‘म्हणजे काहीच इफेक्ट नाही का?’ ते वाचून मला तिच्या टाक्या आठवल्या, आणि माझ्याही.

मी एक्स्पोज्डचा फोटो पुन्हा उघडला, मोठा करत कोपऱ्याकोपऱ्याने फिरले. वरती डावीकडे, काळ्या वर्तुळाला जवळजवळ चिकटून, पीतक भरलेली एक पेशी होती. तिच्या गुलाबी कवचाला एका जागी घडी पडली होती, आणि घडीच्या बाहेरच्या फॉलिकल पेशी चपट्या राहिल्या नव्हत्या. ती तिला दिसली नव्हती, कारण ती मधे नव्हती आणि भयानकही नव्हती. मी त्यावर बोटाने एक वाकडातिकडा बाण काढला आणि पाठवला.

‘हे मोज. आधी कुणाकडून तरी लेबलं झाकून घे.’

‘किती स्लाइड्स मॅडम?’

‘सगळ्या.’